बॅटरी थंडीने मरत नाही

जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी चंडीगडच्या कोणत्याही सेक्टरमध्ये एक आवाज हमखास ऐकू येतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘टक’, पुन्हा ‘टक’, आणि मग घाईघाईने ‘टक-टक-टक-टक’. इंजिन हलत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होतात. शेजारचे कोणी तरी शाल सावरत बाहेर येते आणि निदान सांगते : थंडीने बॅटरी गेली. दुकानदारही तेच सांगतो, हिवाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी हे सांगणाऱ्या लेखांतही तेच असते. दुपारपर्यंत चार-पाच हजार रुपयांची नवी बॅटरी बसते आणि जुनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. ती पुढे कोठे जाते, हे कोणी विचारत नाही.

या निदानात दोन चुका आहेत. पहिली भाषेची. मराठीत ‘बॅटरी उतरली’ आणि ‘बॅटरी गेली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि त्यांतला भेद रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावली की परत येते. गेलेली येत नाही. दुसरी चूक कारणमीमांसेची. जी बॅटरी खरोखरच गेलेली आहे, तिला बहुतेक वेळा थंडीने मारलेले नसते. तिला मे-जूनने मारलेले असते. जानेवारीत ते फक्त उघडकीस येते.

हा शब्दच्छल नव्हे. कारण चुकीचे धरले की उपाय चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या जागी होतो. शिवाय लहान मोटारीच्या एका बॅटरीत पाच-सहा किलो शिसे असते. ते कोणाच्या फुप्फुसांत आणि कोणाच्या रक्तात जाते, हा प्रश्न त्या हातगाडीमागोमाग येतोच.

आधी थंडीची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पूर्ण निर्दोष नाही. बारावीच्या विद्यार्थ्याला विचारले की थंडीत बॅटरी का कमी पडते, तर तो बहुधा नर्न्स्टच्या समीकरणाकडे बोट दाखवतो : त्यात तापमान आहे, म्हणून तापमान घटले की व्होल्टेज घटले. उत्तर पाठांतराला साजेसे आहे, पण आकडे मांडले की ते कोसळते. शिसे-आम्ल घटाचे विद्युतचालक बल एका अंशामागे साधारण ०.२ मिलिव्होल्टने बदलते. सहा घटांच्या बॅटरीत ते १.२ मिलिव्होल्ट झाले. जूनच्या ४० अंशांवरून जानेवारीच्या ५ अंशांवर यावे, तर एकूण फरक सुमारे ४२ मिलिव्होल्ट. १२.६ व्होल्टमध्ये ४२ मिलिव्होल्ट म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. एवढ्याने कोणतेही इंजिन अडून बसत नाही.

मग काय अडते? अडते ती गती. थंड आम्लात आयनांची हालचाल मंदावते, पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांत ताजे आम्ल पोहोचायला वेळ लागतो, आणि पृष्ठभागावरची अभिक्रियाही सावकाश होते. या सगळ्याची बेरीज बाहेरून एकाच राशीत दिसते : अंतर्गत रोध. निरोगी बॅटरीत तो पाच ते दहा मिलिओहम असतो. स्टार्टर मोटर फिरायला लागताना दीड-दोनशे अँपिअर मागते. १५० अँपिअर गुणिले ८ मिलिओहम म्हणजे १.२ व्होल्ट आतल्या आत खर्च, बाहेर ११.४ व्होल्ट उरतात आणि गाडी सुरू होते. वयस्क बॅटरीचा रोध २५ मिलिओहमवर गेला आणि थंड इंजिनाने २०० अँपिअर मागितले, तर आतच ५ व्होल्ट जातात. उरलेल्या साडेसात व्होल्टमध्ये मोटर फिरत नाही. एवढेच नव्हे, स्टार्टरचा सोलेनॉइडही तग धरत नाही. तो ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, व्होल्टेज परत येते, तो पुन्हा ओढला जातो. ती टक-टक म्हणजे अंतर्गत रोधाचा आवाज आहे.

यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही, की गाडी सुरू करायला ऊर्जा फारशी लागतच नाही. २०० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ४०० कूलोम. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १ लाख २६ हजार कूलोम असतात. सुरू होण्यासाठी लागतो त्यातला जेमतेम ०.३ टक्का. म्हणजे कोठारात धान्य भरपूर आहे, पण दार इतके चिंचोळे झाले आहे की दोन सेकंदांत एक पायलीही बाहेर येत नाही. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक शाळेत दोन व्याख्या लिहून संपतो. तो इथे, गारठलेल्या अंगणात, प्रत्यक्ष उभा असतो.

दुसऱ्या बाजूने इंजिनही आपली मागणी वाढवते. थंडीत तेल दाट होते. तेलाच्या डब्यावरच्या ‘१५डब्ल्यू-४०’सारख्या खुणेतला ‘डब्ल्यू’ हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा, हे अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही माहीत नसते. दाट तेलात रुतलेले इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमका त्याच क्षणी बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. शून्य अंशाला निरोगी बॅटरीचा ताबडतोब देता येणारा जोर साधारण एक-तृतीयांशाने घटतो. चंडीगडचे पाच-सहा अंश त्याहून सौम्य. निरोगी बॅटरीकडे एवढी शिल्लक असतेच. बॅटरीवर छापलेले ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’ हे माप तर उणे १८ अंशांवर, ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न घसरता किती प्रवाह मिळतो याचे असते. उणे १८ अंश चंडीगडने कधी पाहिलेले नाहीत. तेव्हा पाच अंशांना जी बॅटरी हात टेकते, ती थंडीच्या आधीच खचलेली असते.

तिला खचवतो तो उन्हाळा. धन पट्टीतली शिशाची जाळी हळूहळू स्वतःच ऑक्साइड होत जाते, फुगते, ठिसूळ होते, आणि तिच्यावरचा लेप सुटून तळाशी साचतो. पाणी उडून जाते, आम्ल तीव्र होते, पट्ट्यांचा वरचा भाग उघडा पडतो. या सगळ्या रासायनिक क्रिया आहेत, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आऱ्हेनियसच्या समीकरणाचा हा घरगुती अवतार आहे. काटेकोर नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. २५ अंशांच्या तुलनेत ही ४० अंशांची वाढ, म्हणजे चार दुपटी, म्हणजे सोळा पट. जूनच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत काढलेला एक तास बॅटरीच्या आयुष्यातले सोळा तास खातो.

तरीही जूनमध्ये गाडी सुरू होते. तेल पातळ असते, अभिक्रिया चपळ असते, म्हणून अर्धमेली बॅटरीही वेळ मारून नेते. रोग उन्हाळ्यात होतो आणि लक्षण हिवाळ्यात दिसते. मधले सहा महिने कोणी तपासत नाही. ज्या सकाळी ती थांबते त्या सकाळी थंडी असते, म्हणून थंडी दोषी. एका पाठोपाठ एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव पाहण्याची ही जुनी सवय आहे. आश्चर्य इतकेच की देशातल्या वैज्ञानिक संस्थांची एवढी दाटी ज्या शहरात आणि त्याच्या शेजारच्या मोहालीत आहे, तिथेही ती सुखेनैव नांदते. सीएसआयओ, पंजाब विद्यापीठ, पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, मोहालीची आयसर, नॅनो-विज्ञानाची राष्ट्रीय संस्था ही सगळी एका लांबशा फेरफटक्यात येतात.

थंडीचे खरे राज्य पाहायचे असेल तर चंडीगडच्याच हवाई तळावरून जिथे रसद उडते त्या लडाखकडे पाहावे. तिथे डिझेल गोठते. म्हणून २०१९च्या नोव्हेंबरात इंडियन ऑईलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. तिथे बॅटरीतले आम्लही गोठू शकते, पण कोणत्या बॅटरीतले, हे महत्त्वाचे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही द्रव राहते. उतरलेल्या बॅटरीत आम्ल विरळ होऊन जवळपास पाणी उरते, आणि ते उणे दहाच्या आसपासच गोठून कवच फोडते. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची केबल लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून लेहमध्ये रात्री बॅटरी काढून घरात नेणारा चालक अडाणी नसतो. तो चंडीगडच्या मोटारमालकापेक्षा भौतिकशास्त्र अधिक समजून असतो.

उतरलेल्या बॅटरीचे कारण आणखी साधे आहे, आणि तेही थंडी नव्हे. बंद गाडीतही घड्याळ, चोरी-रोधक यंत्रणा, किल्लीचा संदेश ऐकणारा रिसीव्हर हे सगळे मिळून तीस-चाळीस मिलिअँपिअर घेत राहतात. दिवसाला साधारण एक अँपिअर-तास. नाताळच्या सुट्टीत कुटुंब तीन आठवडे नागपूर-पुण्याला गेले, की ३५ पैकी २१ अँपिअर-तास गायब. परतल्यावर गाडी सुरू होत नाही आणि दोष धुक्याला. धुक्याचा दोष असलाच तर एवढाच, की त्यात हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेची तार सगळे एकदम चालू असते, गाडी रांगत असते, आणि थंड बॅटरी चार्जही सावकाश घेते. शाळेपर्यंतच्या चार किलोमीटरांत तिच्या पदरात फारसे काही पडत नाही.

आता तोडगे. पहिला तोडगा बॅटरीवर गरम पाणी ओतण्याचा, आणि तो ‘चालतो’ असे शपथेवर सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नसतात. फक्त का चालला हे त्यांना ठाऊक नसते. नऊ-दहा किलो वजनाचा, प्लास्टिकच्या कवचातला ठोकळा तांब्याभर पाण्याने दोन मिनिटांत गरम होत नाही. पण टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवट थर त्या पाण्याने विरघळतो. त्या थराचा रोध समजा फक्त २० मिलिओहम. १५० अँपिअर वाहू लागले की त्यावर ३ व्होल्ट जातात. साध्या मल्टिमीटरला हा रोध दिसतही नाही, म्हणून मेकॅनिकलाही संशय येत नाही. पाण्याने थर गेला, गाडी सुरू झाली, आणि श्रेय उष्णतेला मिळाले. तेच काम जुना टूथब्रश, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि दहा नंबरचा पाना अधिक सभ्यपणे करतात, आणि आम्लाचे शिंतोडे डोळ्यांत जाण्याची भीती राहत नाही. पान्याने आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, एवढेच पथ्य.

दुसरा तोडगा इंटरनेटवरचा : आधी एक मिनिट हेडलाइट लावावेत, म्हणजे बॅटरी ‘उबदार’ होते. दोन हेडलाइट साधारण दहा अँपिअर घेतात. दहा मिलिओहमच्या रोधात दहा अँपिअर म्हणजे एक वॅट उष्णता. मिनिटाला ६० जूल. दहा किलोचा ठोकळा एक अंशाने तापवायला दहा हजार जूलच्या घरात लागतात. म्हणजे मिनिटभरात तापमान वाढते ते एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. दहावीच्या मुलाला जमेल असा हा गुणाकार कोणी केला नाही म्हणून तो सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तिसरा तोडगा रस्त्याकडेच्या ‘बॅटरीच्या पाण्याचा’. पातळी घटलेल्या बॅटरीत आम्ल किंवा नळाचे पाणी घालणे हे तिला उरलेसुरले संपवणे आहे. उडून गेलेले असते ते पाणी. घालायचे तेही पाणीच, आणि ते डिस्टिल्ड. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या ‘डोळ्या’वर विसंबणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की तो डोळा सहांपैकी एकाच घरात उघडतो.

योग्य ते काम अगदी साधे आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावावा : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली असेल तर दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी, आणि क्रम पाळावा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी पडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. हवेत ४ टक्क्यांपासून तो पेट घेतो. हे कारण सांगितले की क्रम पाठ करावा लागत नाही. पाच मिनिटे थांबून सुरू करावी. मग गाडी सुरू झाली म्हणून समाधान न मानता बॅटरी चार्जरवर क्षमतेच्या एक-दशांश प्रवाहाने रात्रभर ठेवावी, आणि त्यानंतर भार देऊन तपासावी. भाराखाली कोसळली तर ती गेली. टिकली तर ती फक्त उतरली होती, आणि चार-पाच हजार रुपये व सहा किलो शिसे दोन्ही वाचले. हे सगळे जानेवारीत करण्यापेक्षा उन्हाळा सरल्यावर, ऑक्टोबरात करावे. जो महिना बॅटरीला मारतो त्याच्यानंतर तपासणी हवी. जो महिना बातमी देतो त्याच्यानंतर नव्हे.

कोणी म्हणेल, यात विज्ञान ते काय; ही तर गॅरेजची गोष्ट. हा आक्षेप तपासण्यासारखा आहे, कारण देशातल्या विज्ञानवार्तांची सगळी घडण याच समजुतीवर उभी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा अनुमानित साठा जाहीर झाला, तेव्हा देश आता बॅटरीची महासत्ता होणार असे मथळे आले. ‘अनुमानित’ या शब्दाचा अर्थ किती मथळ्यांनी सांगितला? पुढच्या वर्षी लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत, ही बातमी त्या मानाने कोपऱ्यात गेली. मे २०२५ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारा सोडियम-आयन घट दाखवला. काम खरे आहे, मोलाचे आहे. पण प्रयोगशाळेतला घट आणि बाजारातली बॅटरी यांत जे अंतर असते ते बातमीत एका वाक्यात नाहीसे झाले. या दोन बातम्यांनी देशाला बॅटरीबद्दल किती शिकवले? दारातली गाडी का सुरू झाली नाही, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तरही त्यांत नव्हते.

दारातली बॅटरी अजून शिशाचीच आहे. गास्ताँ प्लांतेने ती १८५९ मध्ये बनवली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकपासून ती मोटारीचे इंजिन फिरवते आहे. इन्व्हर्टरमध्ये ती आहे, बहुतांश जुन्या ई-रिक्षांमध्ये ती आहे, आणि पेट्रोल-डिझेल वाहनांच्या नोंदणीवर मर्यादा घालणारे धोरण २०२२ मध्ये आणणाऱ्या चंडीगडात फिरणाऱ्या बहुतेक विजेच्या मोटारींतही, मुख्य लिथियम संचाच्या जोडीला १२ व्होल्टची शिशाची बॅटरी बसलेली आहे. ती उतरली की लाखो रुपयांची विजेची मोटार कुलूपसुद्धा उघडत नाही. भविष्याच्या मथळ्यांखाली हे वर्तमान दबून राहते.

गॅरेजच्या प्रश्नात विज्ञानसंस्थेने पडावे का, याचे उत्तर १९५३ मध्ये अमेरिकेत मिळाले आहे, आणि ते नेमके या बॅटरीवरच मिळाले. ‘एडी-एक्स २’ नावाची पूड बाजारात आली होती. सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेट, बस्स. ती टाकली की मेलेली बॅटरी जिवंत होते असा दावा होता, आणि समाधानी ग्राहकांची पत्रेही ढिगाने होती. सरकारच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने चाचण्या करून सांगितले की पुडीचा काहीही उपयोग नाही. नवे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांना बाजाराचा कौल प्रयोगशाळेच्या कौलापेक्षा मोठा वाटला. त्यांनी ब्युरोचे संचालक अॅलन अॅस्टिन यांचा राजीनामा घेतला. वैज्ञानिकांनी रान उठवले, ब्युरोतल्या अनेकांनी नोकरी सोडण्याची तयारी दाखवली, आणि अॅस्टिन यांना परत घ्यावे लागले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने नंतर ब्युरोच्याच बाजूने निर्वाळा दिला. ज्या वस्तूला गॅरेजची गोष्ट म्हणून नाक मुरडले जाते, तिच्यासाठी एका देशाच्या वैज्ञानिकांनी आपली पदे पणाला लावली. बॅटरीची पूड क्षुल्लक होती. मोजमापावर कोणाचा हुकूम चालणार हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. बॅटरीला ‘नवजीवन’ देणारी औषधे भारतातही विकली जातात. त्यांच्यावर कोणत्या सरकारी प्रयोगशाळेची जाहीर, सामान्य माणसाला वाचता येईल अशी चाचणी विज्ञानाच्या पानांवर झळकली?

आणि मग ती हातगाडी. जगात खणल्या-वितळवल्या जाणाऱ्या शिशाचा फार मोठा भाग बॅटऱ्यांत जातो. शिशाचे गुण असे की ते पुनःपुन्हा वितळवून वापरता येते, आणि नीट बांधलेल्या कारखान्यात ते सुरक्षितपणे होतेही. नीट न बांधलेल्या ठिकाणी कुऱ्हाडीने बॅटरी फोडतात, आम्ल गटारात ओततात, पट्ट्या उघड्या भट्टीत वितळवतात. सेनेगलच्या डाकार शहराच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८ मध्ये असल्या कामाच्या धुळीने १८ मुले दगावली. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी भारतातली आहेत. सगळा दोष बॅटरीचा नाही. भेसळीची हळद, रंग, भांडी हेही त्यात आहेत. पण अनौपचारिक भट्ट्या हे त्यातले मोठे नाव आहे. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते मुलाच्या मेंदूतून जे घेते ते परत देत नाही. भारताने २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे काढले; बॅटरीतले काढता येत नाही, म्हणून २००१ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२२ मध्ये नियम केले. त्यांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नियम कागदावर चांगले आहेत. पण हातगाडीवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देतो, आणि ‘थंडीने गेली’ म्हटल्यावर विचार करण्यासारखे काही उरत नाही. उतरलेली बॅटरी गेलेली समजून टाकली जाते, तेव्हा त्या भट्टीला आणखी सहा किलो मिळतात. गल्लीतल्या सकाळच्या निदानाची किंमत दुसऱ्याच वस्तीतले मूल मोजते.

हे निदान सुधारण्याची जागा शाळा होती. बारावीच्या रसायनशास्त्रात शिसे-आम्ल घट आहे. ३८ टक्के सल्फ्युरिक आम्ल, दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट, समीकरण संतुलित करा, गुण तीन. भौतिकशास्त्रात अंतर्गत रोध आहे. दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. २०२२ च्या ‘सुसूत्रीकरणात’ एनसीईआरटीने भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून पोटेन्शिओमीटरचा विभाग वगळला. त्यावरच घटाचा अंतर्गत रोध मोजण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या झाला. भार कमी केला, असे सांगण्यात आले. अंतर्गत रोध ही संकल्पना पुस्तकात राहिली. ती हाताने मोजण्याची जागा गेली. पोटेन्शिओमीटर जुनाट होता हे मान्य. मग त्याच्या जागी काही तरी यायला हवे होते.

येऊ शकते, आणि खर्च फारसा नाही. यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब, दोन मल्टिमीटर, थर्मामीटर. आधी बल्बाविना व्होल्टेज मोजावे, मग बल्ब लावून व्होल्टेज आणि प्रवाह. पहिल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीला तिसऱ्याने भागले की अंतर्गत रोध आला. मग बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फाच्या बादलीत तीन-चार तास ठेवावी आणि तेच पुन्हा मोजावे. बल्बाविना व्होल्टेज किती थोडे हलते आणि बल्ब लावल्यावर किती जास्त, हे विद्यार्थी स्वतःच्या वहीत लिहील. एक जुनी, टाकायला काढलेली बॅटरी मिळाली तर तिच्यावरही हेच करावे, आणि दोन्हींचे चार आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. चंडीगडच्या शाळांना जानेवारीत बर्फही विकत आणावा लागणार नाही. रात्रभर गच्चीवर ठेवलेली बॅटरी आणि पहिला तास पुरे.